वर्गाचा फोटो

शाळेत वर्गाचा फोटो निघतो. मधोमध खुर्चीवर गुरुजी, भोवती मुले. पुढे तो फोटो ट्रंकेत पडून राहतो. त्याला इतिहासाचा कागद म्हणता येईल काय? लंडनच्या स्टीव्ह मॅक्वीनने 'होय' म्हटले.

हा चित्रपटकार १९६९ सालचा. चित्रफितींच्या कलेबद्दल १९९९ साली त्याला टर्नर पारितोषिक मिळाले. २०१९ च्या नोव्हेंबरात टेट ब्रिटन या संग्रहालयात त्याने लंडनमधील सात-आठ वर्षांच्या ७६,००० हून अधिक मुलांचे फोटो मांडले. एकूण ३,१२८ वर्ग! सरकारी शाळा, खाजगी शाळा, विशेष शाळा. घरी शिकणारी मुलेदेखील सोडली नाहीत. ज्या इमारतीत सरदार-उमरावांच्या तसबिरी, तिथेच भिंतभर ही पोरे बसली, आणि आपला वर्ग शोधायला मुले स्वतः येऊ लागली.

आता आपल्याकडे पाहा. बखरीत राजे सापडतात; गावच्या शाळेतली पोरे कोणी टिपली? फोटोच्या दिवशी जो गुरांमागे गेला, तो तर त्याही कागदात नाही. म्हणून गुरुजी, एवढे कराच: फोटोच्या पाठीवर साल घाला, सर्वांची नावे लिहा, आणि गैरहजर मुलांचीही लिहा.