नवा मोबाइल घेताय? आधी काम ठरवा, मग ॲण्ड्रॉइड की आयफोन ते बघा

जांभूळ (ता. अंबरनाथ) : शेतात उभे राहून ई-पीक पाहणी करायची, लोकलचा पास काढायचा, बँकेचा ओटीपी घ्यायचा, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा निरोप वाचायचा. आता ही सगळी कामे घरातल्या एकाच मोबाइलवर होतात. त्यामुळे फोन चुकीचा घेतला तर नुसते पैसे जात नाहीत, कामेही अडतात. पीकपेऱ्याची नोंद सातबाऱ्यावर वेळेत चढली नाही तर भात हमीभावाने विकताना किंवा नुकसानभरपाई मागताना शेतकऱ्यालाच त्रास होतो.

जांभूळ आणि आसपासच्या गावांतले लोक फोन घ्यायला उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर नाहीतर कल्याणच्या बाजारात जातात. तिथे दुकानदार पहिल्यांदा विचारतो ते बजेट. पण त्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे : या फोनवर नेमके काय करायचे आहे, आणि ते किती वर्षे चालले पाहिजे?

प्लॅटफॉर्म म्हणजे काय?

फोनच्या आत एक मूळ सॉफ्टवेअर असते, त्यालाच ऑपरेटिंग सिस्टीम किंवा प्लॅटफॉर्म म्हणतात. कोणते ॲप चालेल आणि कोणते नाही, हे त्यावर ठरते. बाजारात आज दोनच मोठे प्लॅटफॉर्म आहेत. गुगलचे ॲण्ड्रॉइड सॅमसंग, विवो, ओप्पो, शाओमी, रियलमी, मोटोरोला अशा अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये असते. ॲपलचे आयओएस फक्त आयफोनमध्ये असते. भारतात शंभरातले नव्वदहून जास्त स्मार्टफोन ॲण्ड्रॉइडचे आहेत.

पूर्वी असे नव्हते. नोकियाचे सिम्बियन घरोघरी होते, ब्लॅकबेरी ऑफिसवाल्यांच्या हातात होता, मायक्रोसॉफ्टचा विंडोज फोनही आला. हे सगळे बंद पडले. विंडोज फोनवरचे व्हॉट्सॲप २०१९ च्या अखेरीस थांबले. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी संपली. हॅण्डसेट चांगले होते, बॅटरी टिकत होती, पण ॲप चालेनात म्हणून फोन कपाटात गेले.

जिओफोनचेही तसेच झाले. २०१७ मध्ये १,५०० रुपये अनामत भरून गावोगावी तो घेतला गेला. त्यात कायओएस नावाची सिस्टीम होती. २०२४ मध्ये कायओएसच्या स्टोअरमधून व्हॉट्सॲप काढण्यात आले आणि पुढे आधी टाकलेलेही बंद झाले. म्हणून फोन घेताना त्याला कंपनी किती वर्षे अपडेट देणार, हे पाहणे कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाचे.

ॲण्ड्रॉइड : कुठे बरे, कुठे जपून

ॲण्ड्रॉइडचा मोठा फायदा म्हणजे प्रत्येक खिशाला परवडणारा फोन मिळतो. दोन सिमची सोय बहुतेक मॉडेलमध्ये असते, स्वस्त मॉडेलमध्ये मेमरी कार्डही टाकता येते. डिस्प्ले फुटला, चार्जिंगचा पॉइंट गेला तर स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे काम होते. मराठी भाषा, मराठी कीबोर्ड आणि बोलून टाइप करण्याची सोय आहे. सरकारी ॲप बहुधा आधी ॲण्ड्रॉइडवरच येतात.

तोटा अपडेटचा. स्वस्त फोनला अनेकदा दोन-तीन वर्षांतच नवे अपडेट येणे थांबते. पण सगळीकडे सारखे नसते. सॅमसंगने २०२४ मध्ये आलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी या मध्यम किमतीच्या फोनला ६ वर्षांचे अपडेट जाहीर केले. त्याच पैशांत दुसरा फोन निम्म्या मुदतीचाही असू शकतो. त्यामुळे ‘ॲण्ड्रॉइड किती वर्षे आणि सिक्युरिटी अपडेट किती वर्षे’ असे दोन्ही विचारा आणि कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेलचे नाव टाकून खात्री करा.

दुसरा धोका एपीके फाइलचा. ॲण्ड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या बाहेरूनही ॲप टाकता येते. वाहतूक चलान, पीएम किसान, लग्नाची पत्रिका अशा नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते. ती उघडून परवानगी दिली की ओटीपी चोरांच्या हाती जातो आणि खाते रिकामे होते. अशी फाइल ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, कारण त्या माणसाचाच फोन आधी फसलेला असू शकतो. फोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी ॲप टाकण्याची परवानगी बंद ठेवा.

आयफोन : कोणाला परवडतो?

आयफोनची जमेची बाजू म्हणजे तो जास्त वर्षे टिकतो. २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ चे आयओएस १८ मिळाले, म्हणजे सहा वर्षांनीही तो चालू होता. भारतात आयफोनवर स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकता येत नाही, त्यामुळे एपीकेवाली फसवणूक तिथे होत नाही. मात्र फोन करून ओटीपी विचारणारा चोर आयफोनवाल्यालाही फसवतो, हे विसरू नका. विकताना किंमतही बरी येते. २०२५ मध्ये आलेल्या आयओएस १८.४ पासून अख्खा फोन मराठीत वापरता येतो.

आता खर्चाची बाजू. नवा आयफोन साधारण अर्ध्या लाखाच्या घरात किंवा त्याहून वर जातो. डिस्प्ले आणि बॅटरीची अस्सल दुरुस्ती महाग पडते. मेमरी कार्ड बसत नाही, म्हणून साठा आधीच जास्त घ्यावा लागतो. चार्जिंगला आयफोन १५ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२३ पासून, टाइप-सी आले. त्याआधीच्या फोनला वेगळी केबल लागते.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने आयफोन आणला तर आणखी एक गोष्ट बघा. तिथे विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ आणि नंतरच्या मॉडेलमध्ये सिम टाकायची जागाच नाही, फक्त ई-सिम चालते.

शेतीची कामे आयफोनवर करायची असतील तर विकत घेण्याआधी कोणाचा तरी आयफोन हातात घ्या. त्याच्या ॲप स्टोअरवर ई-पीक पाहणी आणि तुमच्या बँकेचे ॲप शोधा. ॲप सापडले नाही तर हा फोन त्या कामाचा नाही. ई-पीक पाहणीत शेतात जाऊन जीपीएससह फोटो काढावा लागतो, ते काम घरी बसून कॉम्प्युटरवर होत नाही. सातबारा बघणे मात्र महाभूलेखच्या वेबसाइटवर होते, त्याला कोणताही स्मार्टफोन चालतो.

साधा कीपॅड फोन अजून कामाचा आहे

आजी-आजोबांना फक्त बोलायला फोन हवा असेल तर कीपॅडचा फोन पुरतो. बॅटरी दिवसेंदिवस टिकते, पडला तरी फुटत नाही. पैसे पाठवायची सोयही आहे. साध्या फोनसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३ पे सुरू केले, त्याला इंटरनेट लागत नाही. *९९# डायल करूनही व्यवहार होतो. एवढेच बघा की फोन ४जी असावा. जिओचे २जी, ३जी नेटवर्क नाही, त्यामुळे जुन्या २जी फोनमध्ये जिओचे सिम चालत नाही.

आधी रेंज, मग ५जी

देशात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली. पण फोनच्या खोक्यावर ५जी लिहिले म्हणून घरात ५जी येईलच असे नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोन घेऊन घरात, अंगणात आणि शेतावर कोणत्या कंपनीची रेंज येते ते आधी बघा. मग त्या कंपनीला लागणारे बॅण्ड फोनमध्ये आहेत का ते तपासा. जिओच्या ५जीसाठी फोनमध्ये एसए ५जी हवे, तसेच एन२८ आणि एन७८ बॅण्ड असलेले बरे. बीएसएनएलचे ४जी वापरणार असाल तर ४जीचा बॅण्ड २८ आहे का ते विचारा. भिंतीतून आणि लांबवर पोहोचायला हाच ७०० मेगाहर्ट्झचा बॅण्ड कामी येतो.

पावसाळ्यात शेतावर जाणाऱ्यांनी आयपी रेटिंगही बघावे. आयपी ५४ म्हणजे शिंतोड्यांपासून बचाव, आयपी ६८ म्हणजे थोडा वेळ पाण्यात पडला तरी चालतो. तरीही पाणी गेल्याचे नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत, म्हणून प्लास्टिकची पिशवी सोडू नका. विजेचा इशारा देणारे दामिनी ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केले आहे. शेतावर जाणाऱ्याच्या फोनमध्ये ते असलेच पाहिजे.

कोणासाठी काय?

• शेतकरी : दोन सिमचा ॲण्ड्रॉइड, मोठी बॅटरी, उन्हात दिसणारा डिस्प्ले. दुकानाबाहेर उन्हात धरून बघा.
• लोकलने नोकरीला जाणारे : रेल्वन ॲप आणि यूपीआय दोन्ही प्लॅटफॉर्मवर चालतात. बजेट असेल तर आयफोन, नाहीतर जास्त वर्षे अपडेट देणारा ॲण्ड्रॉइड.
• शाळा-कॉलेजची मुले : ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठा असलेला ॲण्ड्रॉइड पुरे. ‘८ जीबी अधिक ८ जीबी’ यातला दुसरा आकडा खरी रॅम नसते, साठ्यातली जागा उसनी घेतलेली असते.
• ज्येष्ठ : कीपॅड ४जी, किंवा घरातल्या इतरांकडे आहे तोच प्लॅटफॉर्म. काही अडले तर घरचाच माणूस सांगू शकतो.

जुना फोन घेताना

सेकंडहॅण्ड फोन घेण्यात वाईट काही नाही, पण चोरीचा निघाला तर फोनही जातो आणि पोलिसांचा फेराही मागे लागतो. पैसे देण्याआधी *#०६# डायल करा, १५ अंकी आयएमईआय नंबर दिसेल. इंग्रजीत के, वाय, एम ही अक्षरे, मग जागा सोडून हा नंबर लिहून १४४२२ वर मेसेज करा. संचार साथी पोर्टलवरही तपासता येते. नंबर काळ्या यादीत किंवा डुप्लिकेट दिसला तर फोन परत द्या.

जुन्या मालकाचे गुगल किंवा ॲपल खाते समोर काढून घ्या. ते राहिले तर फोन रिसेट केल्यावर लॉक होतो आणि जुना पासवर्ड मागतो. स्वस्तात मिळतो म्हणून आयफोन ६ सारखे फार जुने मॉडेल घेऊ नका. मे २०२५ पासून आयओएस १५.१ पेक्षा जुन्या आयफोनवर व्हॉट्सॲप चालत नाही.

पैसे देण्याआधी एवढे बघा

१. खोक्यावरचा आणि फोनमधला आयएमईआय एकच आहे का?
२. पक्के जीएसटी बिल मिळते का? मोबाइलवर १८ टक्के जीएसटी किमतीतच धरलेला असतो. बिलावर आयएमईआय लिहून घ्या.
३. वॉरंटी कंपनीची की फक्त दुकानाची? सर्व्हिस सेंटर जवळ कुठे आहे?
४. हप्त्यावर घेत असाल तर फाइल चार्ज, विमा आणि सगळे हप्ते मिळून एकूण किती होते ते कागदावर लिहून मागा. ‘शून्य टक्के’ ऐकून सही करू नका.
५. चार्जर खोक्यात आहे की वेगळा घ्यायचा?
६. जुन्या फोनमधले फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घेतला का? ॲण्ड्रॉइडवरून आयफोनवर जाताना व्हॉट्सॲप हलवायची पद्धत वेगळी आहे, ती नवा फोन सुरू करतानाच करून घ्या.

दुकानदाराने बिल नाकारले किंवा वॉरंटी टाळली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. ऑनलाइन फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे थांबवले जाण्याची शक्यता जास्त.