परशू आणि तबर : युद्धातील कुऱ्हाडीची घडण व उपयोग

श्रीगजाननाच्या हाती परशू असतो. भगवान परशुरामांचे तर नावच या शस्त्रावरून पडले. दक्षिणेकडील शिवमूर्तींच्या मागील हातांतही परशू व मृग दिसतात. हे शस्त्र प्रत्यक्ष युद्धात कसे वापरीत, असे भाविक अनेकदा विचारतात. म्हणून पुराणकथा बाजूस ठेवून येथे केवळ शस्त्राची माहिती देत आहोत.

लाकूड तोडण्याचे अवजार व शस्त्र यांत आरंभी फारसा भेद नव्हता. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जोर्वे येथे तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी सापडल्या. त्यांना नेढे नाही. असे पाते दांड्याला बांधूनच वापरावे लागते. इजिप्तमध्येही हीच रीत होती. अहमोस राजाची सोन्याने मढविलेली कुऱ्हाड (इ. स. पूर्वी सुमारे १५५०), जी त्याची माता अहहोतेप हिच्या दफनसामग्रीत मिळाली, ती अशीच बांधलेली आहे. याउलट मेसोपोटेमियात इ. स. पूर्व तिसऱ्या सहस्रकातच नेढे असलेली पाती ओतली जात होती. फरक लहान वाटतो. परंतु बांधलेले पाते आघातांनी सैल होते, नेढ्यात दांडा बसविलेले पाते जोराचा घाव सोसते. सुमेरचे सैनिक त्या काळी तांब्याची शिरस्त्राणे घालीत, हे येथे लक्षात घ्यावे.

कुऱ्हाडीचे सारे वजन हातापासून दूर, टोकाशी असते. त्यामुळे तिचा घाव तलवारीहून जड पडतो. मात्र घाव चुकला की शस्त्र सावरण्यास वेळ लागतो. तलवारीपेक्षा तिला लोखंडही कमी लागे, म्हणून सामान्य सैनिकाला ती परवडे.

युद्धातील कुऱ्हाड अवजड असे, हा समज मात्र खरा नव्हे. लाकूड फोडणाऱ्या कुऱ्हाडीचे पाते पाचरीसारखे जाड असते. युद्धातील पाते रुंद पण पातळ असे. उत्तर युरोपातील दोन हातांनी चालविण्याच्या डेन कुऱ्हाडीचे एकूण वजन बहुधा एक ते दोन किलोच्या आतबाहेर असे. (उत्सवमूर्तीसाठी चांदीचा नवा परशू घडवावयाचा आहे. तो जाड असावा की पातळ, याविषयी विश्वस्तांत दोन मते आहेत. आमचे मत पातळ, चंद्रकोरीसारख्या धारेच्या बाजूने आहे. जाड परशू लाकूडतोड्याचा दिसेल.)

इ. स. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड याचे निवडक सैनिक अशाच कुऱ्हाडी घेऊन लढले. बायो येथील प्रसिद्ध भरतकामात त्या दिसतात. दोन्ही हात गुंतल्याने त्यांना ढालीचा आधार नीट घेता येत नसे. इ. स. १३१४ मध्ये बॅनकबर्न येथे स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याने चाल करून आलेल्या हेन्री द बोहन या सरदाराचे शिरस्त्राण व मस्तक एकाच घावाने फोडले. त्या घावात दांडाही मोडला.

आपल्याकडे परशू या संस्कृत शब्दावरून फरशी हा शब्द आला, तर फारसीतून तबर आला. तबरझीन म्हणजे खोगिराची कुऱ्हाड; स्वार ती खोगिराला अडकवून ठेवी व एका हाताने चालवी. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तील शस्त्रांच्या यादीत तबर आहे, तसेच कावळ्याच्या चोचीसारखे टोक असलेले झागनोलही आहे. एका बाजूस पाते व दुसऱ्या बाजूस चोच असल्यास त्यास तबर-झागनोल म्हणत. चोचीने साखळीचे चिलखत भेदता येई. हिंदुस्थानी तबरांचे दांडे पुष्कळदा पोलादी व पोकळ असत. काहींच्या तळाशी पेचाने बसविलेली छोटी कट्यार लपविलेली असे.

आम्हां गुजरातेत राहणाऱ्या मंडळींना कच्छचे भुज शहर ठाऊक आहे. त्याच नावाचे एक शस्त्र कच्छ व सिंधमध्ये घडविले जाई. त्यात कुऱ्हाडीच्या दांड्यावर सुरीसारखे पाते बसविलेले असते व पात्याच्या मुळाशी बहुधा हत्तीचे मस्तक कोरलेले असते.