दामाजीपंतांचे कोठार आणि बिदरचा दवाखाना

मंगळवेढ्यात वाढलेल्या मुलाला दामाजीपंतांची गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. बहमनी राज्याचा हा अंमलदार. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा त्याने सरकारी धान्याची कोठारे उघडली. बिदरचा बादशहा कोपला, आणि खुद्द विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात दरबारात जाऊन धान्याची रक्कम भरली, असे परंपरा सांगते. १४६०च्या सुमाराचा तो दुष्काळ दख्खनमध्ये दामाजीपंतांच्याच नावाने ओळखला जातो.

या गोष्टीत बिदर येते ते फक्त कोपलेल्या बादशहाचे गाव म्हणून. लहानपणी ती ऐकताना आम्हा मुसलमान पोरांची थोडी कुचंबणा व्हायची. पुढे इतिहास वाचू लागलो, तेव्हा त्याच बिदरची दुसरी हकीकत सापडली.

अलाउद्दीन अहमदशहा बहमनी याने १४३६ ते १४५८ या काळात राज्य केले. त्याने बिदरमध्ये मोठा दवाखाना बांधला. विजापूरच्या दरबारात बसून इतिहास लिहिणारा फेरिश्ता सांगतो की, औषधे आणि रुग्णांचे जेवण यांच्या खर्चासाठी काही गावांचे उत्पन्न या दवाखान्याला लावून दिले होते, आणि मुसलमान हकिमांबरोबर हिंदू वैद्यही नेमले होते.

या नोंदीवरून बादशहा किती दयाळू होता, याची चर्चा मला करायची नाही. मला महत्त्वाची वाटते ती व्यवस्था. खर्चासाठी कायमचे उत्पन्न होते, म्हणजे दरवेळी कुणाच्या मर्जीची वाट पाहायची नाही. औषधाबरोबर अन्न होते, कारण उपाशी माणसाला नुसत्या काढ्याने गुण येत नाही. आणि वैद्य-हकीम दोघेही होते, म्हणजे ज्याला ज्याच्या हातचे औषध चालते त्याला ते मिळावे. ही कल्पना बिदरची एकट्याची नव्हती. कैरोत सुलतान कलावूनने १२८४-८५ साली उभारलेले रुग्णालय वक्फच्या उत्पन्नावर चाले, आणि गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष सर्वांसाठी खुले होते. दवाखाना, इलाज, मलम, जुलाब हे आपले रोजचे मराठी शब्द अरबी-फारसीतूनच आलेले आहेत.

पण इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच अलाउद्दीनचा मुलगा हुमायून इतिहासात ‘जालिम’ म्हणून ओळखला जातो. दामाजीपंतांच्या नावाचा दुष्काळ पडला तो त्याच्याच कारकिर्दीत. बापाने रुग्णांच्या जेवणाची सोय लावली आणि मुलाच्या राज्यात भरल्या कोठाराला कुलूप राहिले! ते धान्य कुणाचे होते? ज्या रयतेने सारा म्हणून घातले तिचेच. तरी ते तिला मिळावे म्हणून एका अंमलदाराला हुकूम मोडावा लागला. चांगला माणूस हुकूम मोडून लोकांना वाचवतो, तेव्हा त्याचे देऊळ होते. पण हुकूमच चांगला असता तर?

हा प्रश्न आजचाही आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू आहे. आधी पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेपुरती असलेली ही योजना सर्व कुटुंबांना लागू करून पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ साली झाला. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. म्हणजे कोठारात धान्य आहे.

माझ्या फुफूला ऑपरेशन सांगितले, तेव्हा पिवळी शिधापत्रिका हातात होती. योजनेतल्या एका रुग्णालयात “जागा नाही” म्हणाले, आणि पैसे भरायची तयारी दाखवताच संध्याकाळी खाट मिळाली. कानातले मोडले. मंगळवेढ्याहून सोलापूर पन्नास किलोमीटरच्या वर. सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि त्याचे बाहेरचे जेवण यांचा हिशेब योजनेत नव्हता. 

सरकारकडे मागायचे ते मागूच. तालुक्याच्या दवाखान्यातली पदे भरा, औषधांचा साठा ठेवा, आणि योजनेतल्या खाटा रोज किती रिकाम्या आहेत ते दारावर लिहा. पण आपल्या समाजालाही विचारले पाहिजे. वक्फच्या जमिनी आपल्याकडे आहेत, जकात दरवर्षी निघते. मिनार उंच करण्याआधी त्यातून तालुक्याच्या गावी एक औषधालय आणि रुग्णाच्या नातेवाइकांसाठी जेवणाची सोय का होऊ नये? तिथे येणाऱ्याला त्याची जात आणि धर्म विचारायचा नाही. पाचशे वर्षांपूर्वी बिदरमध्ये वैद्य आणि हकीम एका छताखाली बसत होते. आपण त्यापेक्षा कमी कशाला मागायचे?