तोप्पीचा खर्ज

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या वाटेला लागले की वीस-पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडु येते. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०२च्या सुमारास इथे मुक्तांबाळ छत्र उभारले. मुक्तांबा ही राजांची प्रिय सहचरी, तिच्या नावाचे हे अन्नछत्र. रामेश्वरला निघालेल्या यात्रेकरूंना इथे पोटभर जेवण मिळे आणि मुलांना शिक्षण. काठीकावड घेऊन उत्तरेतून आलेल्या माणसाला कावेरीच्या मुलखात मराठी कानावर पडे, ते अशा छत्रांमुळे आणि मठांमुळे. या भागात मराठी राज्य १८५५ साली संपले. पण त्या राज्यात आकार घेतलेला एक आवाज अजून रोज ऐकू येतो. तो म्हणजे मृदंगाच्या डाव्या पुडीचा, तमिळमध्ये जिला तोप्पी म्हणतात तिचा खर्ज. बँडमध्ये डबल बेस जे काम करतो, तेच काम दक्षिणेच्या मैफलीत तोप्पी करते. आणि डबल बेसला भेडसावणारी अडचणही तिच्या वाट्याला आली आहे: खालचा आवाज श्रोत्यापर्यंत पोचवायचा कसा?

ही अडचण निसर्गाचीच आहे. डबल बेसच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. इतका खालचा सूर मोठा ऐकू यायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणून ते वाद्य माणसाहून उंच. शिवाय आपला कान खालच्या सुरांच्या बाबतीत मठ्ठ. हळू वाजले तर मधले सूर ऐकू येतात आणि खर्ज आधी हरवतो. विसाव्या शतकात बँडमध्ये पितळी वाद्ये आणि ड्रम वाढले तेव्हा बेसवाल्याचा हात दिसत असे, सूर नसे. एव्हरेट हल या अमेरिकन बेसवादकाने १९४६च्या सुमारास बेस ज्या खुंटीवर उभा राहतो तिच्यातच माइक बसवला. खुंटीचे इंग्रजी नाव आणि ॲम्प्लिफायर यांचा जोड करून त्याच्या कंपनीचे नाव पडले ॲम्पेग. १९५१ साली लिओ फेंडरने पोकळ खोकेच काढून टाकले आणि भरीव लाकडाची विजेची बेस गिटार बाजारात आणली. पोकळ खोके असले की लाउडस्पीकरचा आवाज त्यात पुन्हा शिरतो, तिथून माइकमध्ये जातो आणि सगळा संच हुंकारू लागतो. ज्यांनी खोके सोडले नाही त्यांनी पुढे लाकडाची थरथर थेट पकडणारे पिकअप घोडीला चिकटवले.

तंजावरने हा प्रश्न विजेच्या फार आधी, कातड्यावरच सोडवला होता. फणसाच्या लाकडाचे खोड, उजवीकडे कायमची काळी शाई, डावीकडे मात्र काही नाही. मैफलीआधी वादक रवा पाण्यात कालवतो, त्याचा मऊ गोळा तोप्पीच्या मधोमध थापतो, बोटाने कडा सारख्या करतो आणि एक थाप मारून ऐकतो. सूर वर राहिला तर आणखी चिमूटभर रवा, मंद पडला तर थोडा खरवडून कमी. मधोमध वजन आले की कातडे सावकाश कंप पावते, सूर उतरतो. मैफल संपली की वाळलेला रवा नखाने आणि ओल्या फडक्याने काढून टाकायचा, पुढच्या वेळी पुन्हा नवा. हल्ली काही वादक सिलिकॉनचा न वाळणारा थर लावतात, त्याने ही कटकट वाचते.

महाराष्ट्रातल्या कोणाही वारकऱ्याला ही कृती ओळखीची वाटेल. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात ती याच कारणासाठी. तबल्याच्या डग्ग्यावर तेच वजन कायमच्या शाईचे झाले. तंजावरने रव्याचा मार्ग ठेवला. उजव्या पुडीच्या शाईचे कोडे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्याबरोबर ‘नेचर’ नियतकालिकात उलगडले: साध्या चामड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, शाईने ते जुळतात, म्हणून मृदंगातून नुसता धडधडाट न येता सूर येतो. रामन तिरुचिरापल्लीजवळचे, ही वाद्ये त्यांच्या अंगणातली.

मृदंग मराठ्यांनी दक्षिणेत नेला असे मुळीच नाही. तो तिथे फार जुना आहे. मराठ्यांनी नेले ते कीर्तन. व्यंकोजींनी १६७०च्या दशकात तंजावर घेतले, मागोमाग समर्थ संप्रदायाचे मठ आले, तंजावरात आणि मन्नारगुडीत. मठांबरोबर टाळ-मृदंगाचे भजन आले. मेरुस्वामींसारखा तंजावरचा मराठी कीर्तनकार त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ यांच्या दरबारापर्यंत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरात कीर्तन करू लागले आणि ते ऐकून कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेचा घाट घडवला. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी वृत्ते आजही हरिकथेत त्याच नावांनी म्हटली जातात.

कीर्तनाच्या साथीला नाचाची किंवा देवळाच्या मिरवणुकीची साथ चालत नाही. बुवा बोलता बोलता गाऊ लागतात, गाता गाता थांबतात, आणि मृदंगवाल्याने त्या फटीत खर्जाचा आधार धरून ठेवायचा असतो. ही सवय अंगी असलेल्या लोकांतूनच तंजावरचे नारायणस्वामी अप्पा आले. मराठी कुळातल्या या भजनी माणसाचे नाव मैफलीतल्या मृदंगसाथीला शिस्त लावणाऱ्यांत जाणकार पहिल्यांदा घेतात. पुढे तंजावर वैद्यनाथ अय्यर आणि त्यांचे शिष्य पालघाट मणि अय्यर यांनी ही तंजावरी वाट देशभर नेली. पुदुक्कोट्टैच्या घराण्यातले पळणी सुब्रमण्य पिळ्ळै डावखुरे होते, तोप्पीवर त्यांचा उजवा हात असे. तळहाताची टाच दाबून सरकवत काढलेला त्यांचा घुमारा जुने रसिक अजून आठवतात.

या सगळ्याच्या बरेच आधी सरफोजी राजांच्या दरबारात पाश्चात्त्य संगीत आले होते. राजे श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या हाताखाली वाढलेले, त्यांनी युरोपी वाद्ये आणि स्वरलिपीचे ग्रंथ जमवले, आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्या संगीताची हस्तलिखिते अजून आहेत. त्याच दरबारातल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चौघा भावांतल्या वडिवेलुने व्हायोलिन इतके आपलेसे केले की १८३४ साली स्वाती तिरुनाळ यांनी त्याला हस्तिदंती व्हायोलिन दिले. नाचाच्या साथीत क्लॅरिनेट शिरले. पण त्या युरोपी कुटुंबातले चेलो आणि डबल बेस मात्र मैफलीत कधी रुजले नाहीत. मला वाटते, त्यांची जागा आधीच भरलेली होती. अखंड षड्ज तंबोऱ्याकडे होता आणि ठोक्याचा खर्ज तोप्पीकडे. गळ्याच्या पट्टीत बोलणारे वाद्य हवे होते, ते व्हायोलिनने दिले. खाली रिकामी जागा असती तर कदाचित कावेरीकाठी डबल बेसची शाळा निघाली असती. मुंबईच्या सिनेसंगीतात ती जागा रिकामी होती, म्हणून गोव्याच्या वादकांनी डबल बेस तिथे नेला आणि तो टिकला.

तोप्पीच्या कुळात आणखी एक शाखा आहे, तिचे नाव मैफलीच्या पत्रिकेवर छापले जात नसे. मृदंगाला गाय, म्हैस आणि बकरी या तिघींचे कातडे लागते. ते निवडणारे, भिजवणारे, ताणणारे, वाद्या आवळणारे तंजावरचे कारागीर मुख्यत्वे दलित ख्रिस्ती. त्यांतल्या सेबास्टियन या कारागिराच्या घराण्यातले परलांदु यांचे पालघाट मणि अय्यरांबरोबरचे काम प्रसिद्ध आहे. वादकाने सांगायचे, ‘घुमारा थोडा लांबू दे’, आणि कारागिराने कोणते कातडे किती जाड ठेवायचे ते ठरवायचे. टी. एम. कृष्णा यांनी २०२०च्या ‘सेबास्टियन अँड सन्स’ या पुस्तकात ही बाजू उजेडात आणली. तोप्पीचा सूर ब्राह्मण वादकाच्या हातचा मानला जाई, पण अर्धा सूर कातड्याला हात लावणाऱ्याचा होता.

मग माइक आला. मुंबईच्या मोटवाने यांच्या शिकागो रेडिओने काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवले, आणि तीसच्या दशकात गाण्याच्या सभांतही हळूहळू माइक उभे राहू लागले. त्याचा पहिला परिणाम गळ्यावर झाला. हजारभर लोकांपुढे आवाज फेकण्यासाठी गायक उंच पट्टीत गात, माइक आल्यावर ती पट्टी उतरवता आली. पट्टी उतरली की मृदंगही मोठा हवा. म्हणूनच वादकांच्या घरी आज दोन मापांचे मृदंग असतात: उंच पट्टीसाठी सुमारे २२ इंचांचा ‘हेच्चु श्रुती’ आणि खालच्या पट्टीसाठी सुमारे २४ इंचांचा ‘तग्गु श्रुती’. पुरुष गायक खाली सरकले तसे लांब मृदंगाचे काम वाढले आणि तोप्पी आणखी खोल गेली. नागस्वरातही हेच घडले. तिरुवावडुतुरै राजरत्नम पिळ्ळै यांनी आखूड, तीव्र ‘तिमिरी’ बाजूला ठेवून लांब ‘बारी’ नागस्वर प्रचारात आणले, ते नरसिंगमपेट्टैच्या रंगनाथन आचारींनी घडवले होते.

पालघाट मणि अय्यरांना माइक मानवला नाही. काही वर्षे त्यांनी माइक असलेल्या मैफलीत वाजवायचे नाकारले. यात नुसता हट्ट नव्हता. मृदंगाच्या दोन पुड्या वेगळ्या रीतीने ऐकू येतात. उजवीची चाट खणखणीत, ती माइकशिवायही शेवटच्या रांगेत पोचते. तोप्पीचा घुमारा सभागृहाच्या भिंती, छत, माणसांची गर्दी यांवर अवलंबून असतो. वादकाने दोन्हींचा तोल हाताने साधलेला असतो, आणि माइक तो तोल परस्पर बदलतो.

बदलतो कसा, हे समजायला साउंडवाल्याच्या शेजारी बसावे. गाण्याला जो एकतर्फी ऐकणारा माइक वापरतात, तो पुडीच्या फार जवळ नेला की खर्ज आपोआप फुगतो. म्हणून तोप्पीला चिकटवून ठेवलेला माइक ऐकणाऱ्याच्या छातीवर धडधडतो आणि ‘तोम्’ या तिच्या बोलाचा सूर चिखलात रुततो. माइक हातभर लांब नेला तर चाट आणि व्हायोलिन त्यात घुसतात. आणि वादकासमोर ठेवलेला मॉनिटर जरा मोठा केला की त्याच्या आवाजाने तोप्पीचे कातडे न वाजवताच थरथरू लागते, पोकळ खोक्यासारखे. मग जाणता माणूस काय करतो? दोन पुड्यांना दोन माइक लावतो, तोप्पीचा जरा तिरका आणि जरा दूर. त्या माइकचा अगदी तळाचा घोंघाट मिक्सरवर कापतो. मॉनिटरमध्ये तोप्पी देतच नाही, कारण वादकाच्या मांडीवर ती आहेच. डबल बेसवाले पिकअप आणि माइक एकत्र जुळवतात, ते याच खटपटीचे दुसरे रूप.

ओरत्तनाडुच्या आसपासच्या देवळांत आणि लग्नांत मैक सेट लावणारी पोरे हे सगळे कुठे शिकत नाहीत, उत्सवांतून अनुभवाने शिकतात. नागस्वराच्या साथीचे तविल त्यांना त्रास देत नाही. त्याच्या एका पुडीवर काठी पडते आणि दुसरीवर बोटांच्या कडक टोप्या, ते उघड्यावर मिरवणुकीत ऐकू यायलाच जन्मले. अडचण मृदंगाची असते. आणि ती फक्त दक्षिणेची नाही. महाराष्ट्रात सप्ताहाच्या मांडवात पखवाजाला इको आणि खर्ज इतका चढवतात की बुवांचा अभंग मागे पडतो आणि कणीक लावून जुळवलेला सूर कोणता होता हेच कळत नाही. वादक घसा कोरडा करून सांगतो, ‘डावी कमी करा’, तरी फेडर खाली येत नाही.

या कुळात साउंडवाल्याचे नाव आता जोडायला हरकत नाही, सेबास्टियनच्या घराण्यानंतर. पण त्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. माइक खर्ज मोठा करतो, घडवत नाही. तो आधी कातड्यावर, रव्याच्या गोळ्यात आणि टाचेच्या दाबात असावा लागतो. तिथे नसेल तर बटण कितीही फिरवले तरी मांडवात नुसता धडधडाट घुमेल, आणि असेल तर मिक्सरवर हात कमीत कमी फिरवायचा, एवढेच त्याचे काम.