उपासकाळ (नामपल्ली–गनफाउंड्री परिसर, हैदराबाद)

उपासकाळ : ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा ख्रिस्ती व्रतकाळ. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून पवित्र शनिवारपर्यंत दिनदर्शिकेतले ४६ दिवस लागतात. वसईकडे त्याला प्रायश्चित्तकाळ, गोव्यात कोरेज्म, तर तेलुगूभाषक ख्रिस्ती घरांत श्रमदिनालु म्हणतात. अरण्यातला येशूचा चाळीस दिवसांचा उपवास आणि त्याचे क्रुसावरील दुःखसहन हे या काळातील चिंतनाचे मुख्य विषय. माणसाच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाला काही अर्थ असतो का, हा प्रश्न त्यातूनच पुढे येतो.

नामपल्ली स्थानकापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, गनफाउंड्रीत, सेंट जोसेफ कॅथीड्रल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटालियन मिशनऱ्यांच्या काळात ते उभे राहिले. आत मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’ची प्रतिकृती आहे : क्रुसावरून उतरवलेला मुलगा आईच्या मांडीवर आहे, तिचा एक हात त्याच्या खांद्याखाली, दुसरा मोकळा, तळवा वर. आईच्या चेहऱ्यावर आकांत नाही. मायकेलअँजेलोने मूळ शिल्प १४९८–९९ च्या सुमारास, पंचविशीच्या आत असताना घडवले.

व्रताचे नियम मोजके आहेत. कॅथलिकांमध्ये राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे सक्तीच्या उपवासाचे दिवस. अठरा पूर्ण झालेल्यांपासून एकोणसाठ वर्षांपर्यंतच्यांनी त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचे. चौदा वर्षांपुढच्यांनी मांसाहार टाळायचा. आजारी आणि गरोदर यांना उपवासातून सूट असते. ज्याच्या देहाला आधीच यातना आहेत त्याच्यावर नवी लादायची नाही. कपाळी लागणारी राख आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. शुक्रवारी चौदा मुक्कामांची ‘क्रुसाची वाट’ चालतात. पवित्र गुरुवारच्या मिस्सातील गौरवगीतानंतर घंटा थांबतात, त्या ईस्टरच्या जागरणविधीपर्यंत वाजत नाहीत. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत शुभ शुक्रवारी दुपारी बारा ते तीन अशी उपासना चालते आणि क्रुसावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात. त्यांतला चौथा उद्गार देवाने आपल्याला का टाकले असे विचारणारा आहे. उपासनेत तो गाळत नाहीत किंवा सौम्यही करत नाहीत.

दुःख हे पापाचे फळ, हे सोपे उत्तर बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथातच मोडीत निघते. ईयोबाला तसे समजावणाऱ्या मित्रांनाच अखेर देवाची बोलणी बसतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी ‘साल्विफिची डोलोरिस’ हे प्रेषितीय पत्र काढले. दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडता येते, असे त्यात पौलाच्या कलस्सैकरांस पत्राच्या आधारे मांडले आहे. मात्र पत्राचा शेवटाकडचा भाग दयाळू शोमरोनीवर आहे : वाटेत पडलेला जखमी दिसला की थांबणे, हे त्या माणसाचे काम. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म ही उपासकाळाची तीन अंगे एकमेकांना धरून असतात ती याच कारणाने.

जुन्या निजाम राज्यात अशा मदतीची ठोस उदाहरणे सापडतात. वेस्लियन मिशनरी चार्ल्स वॉकर पॉसनेट यांनी मेदक येथे १९१४ मध्ये चर्चचे बांधकाम सुरू केले. दुष्काळाने गांजलेल्यांना त्यावर काम आणि त्याबदल्यात अन्न मिळाले. २५ डिसेंबर १९२४ रोजी त्याचे समर्पण झाले. तिथल्या रंगीत काचांच्या तीन मोठ्या खिडक्यांपैकी एकीवर क्रुसावरील मरण आहे. निजामाबादजवळ डिचपल्ली येथे डॉ. इझाबेल कर यांनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभारले, त्याला नरसा गौड या हिंदू धनिकाने मोठी देणगी दिली. तिथे चौलमोगरा तेलाच्या इंजेक्शनांनी उपचार होत.

मराठी वाचकाला पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांनी आईवडील आणि मग बहीण गमावली. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी गेले. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली त्यांनी आणल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून वाढले. निजामाच्या मुलखात, गुलबर्ग्यात, त्यांनी काढलेल्या शाळेचा भार कन्या मनोरमाने उचलला होता. ती जुलै १९२१ मध्ये वारली. रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम तरीही सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. तो बुधवार होता, उपासकाळ सरत आला होता आणि झावळ्यांचा रविवार चार दिवसांवर होता.

दुःखाला अर्थ देण्याच्या या परंपरेवर आक्षेपही आहेत. जातीने लादलेली यातना सोसणाऱ्याला सहनशीलतेचा उपदेश करणे म्हणजे अन्यायाला धर्माची मान्यता देणे, असे दलित धर्मशास्त्र बजावते. अरविंद पी. निर्मल यांनी १९८१ मध्ये बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातील व्याख्यानातून या विचाराची पायाभरणी केली. वेदना हा दलितांच्या ज्ञानाचा उगम आणि येशू स्वतः दलित, अशी त्यांची मांडणी आहे. स्वेच्छेचा उपवास आणि लादलेली उपासमार यांतला फरक तिच्यामुळे अधिक ठसठशीत झाला. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला २७ ऑगस्ट २०२२ रोजी कार्डिनल झाले. त्या पदावर पोहोचलेले ते पहिले दलित होत.

नामपल्लीत उपासकाळ एकाकी येतोच असे नाही. रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे अधूनमधून दोन्ही व्रते जुळतात. २०२५ मध्ये भारतात पहिला रोजा २ मार्चला होता आणि राखेचा बुधवार ५ मार्चला. त्या काळात शहरभर हलीमच्या भट्ट्या पेटलेल्या असतात, युसुफैन दर्ग्याच्या या वस्तीत संध्याकाळी इफ्तारची लगबग सुरू असते आणि मांस वर्ज्य केलेले ख्रिस्ती शुक्रवारी त्याच रस्त्यांनी क्रुसाच्या वाटेला जातात.