आंदणातील भुईकोट : सोलापूरचा किल्ला आणि दख्खनच्या सुलतानांच्या सोयरिकी

प्रस्तावना

सोलापूर शहरातील नवी पेठ ही आज कापड व किरकोळ व्यापाराची गजबजलेली बाजारपेठ आहे. या पेठेपासून जवळच सिद्धेश्वर तलावाच्या काठी सोलापूरचा भुईकोट किल्ला उभा आहे. त्याची दुहेरी तटबंदी व खंदक यांकडे प्रामुख्याने लष्करी दृष्टीने पाहिले जाते. तथापि सोळाव्या शतकात या किल्ल्याचे नाव वेढ्यांइतकेच विवाहाच्या करारांतही पुन्हा पुन्हा आलेले दिसते. वैरी घराण्यांत अनपेक्षितपणे जुळलेल्या सोयरिकी आणि सोलापूरचे आंदण यांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सीमेवरील किल्ला

बहमनी सत्तेच्या विघटनानंतर विजापूरची आदिलशाही व अहमदनगरची निजामशाही यांच्या सरहद्दीवर सोलापूर आले. परांड्याचा ख्वाजा जहान व त्याचा भाऊ झैन खान यांच्यात या भागातील अकरा परगण्यांच्या वाटणीचा वाद होता. निम्म्या वाट्याचे ‘साडेपाच परगणे’ पुढे दोन्ही दरबारांच्या भांडणाचे मूळ ठरले. ज्याच्याकडे सोलापूर, त्याला भीमेच्या खोऱ्यात पाय रोवता येत होता. त्यामुळे हा प्रदेश सहजासहजी सोडण्यास कोणतीही बाजू तयार नव्हती.

१५२४ : शब्द दिला, किल्ला दिला नाही

इ. स. १५२४ मध्ये इस्माईल आदिलशहा व पहिला बुऱ्हाण निजामशहा यांची सोलापूर येथे भेट झाली आणि इस्माईलची बहीण बीबी मरियम हिचा विवाह बुऱ्हाणशी झाला. मरियम ही युसूफ आदिलशहा व त्याची मराठा पत्नी बुबूजी खानम यांची कन्या होती. सोलापूर व साडेपाच परगणे वधूबरोबर आंदण म्हणून मिळावयाचे होते, असा अहमदनगरचा दावा होता. विजापूरने मात्र ते दिले नाहीत.

परिणाम लवकरच दिसून आला. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण निजामशहा मित्रसत्तांसह चालून आला. विजापूरचा सेनानी असद खान याने ही चढाई परतवली. अहमदनगरच्या महालातही मरियमला सुख लाभले नाही. बुऱ्हाणची आवडती बेगम अमिना हिच्यापुढे तिला मान मिळत नाही, ही तिची तक्रार विजापूरपर्यंत पोहोचल्याचे फेरिश्ता नोंदवतो. सलोख्यासाठी दिलेली मुलगी अशा रीतीने वैराचे नवे कारण बनली. तिचे स्वतःचे मत काय होते, हे जाणून घेण्याची आवश्यकता दोन्ही दरबारांपैकी कोणालाही वाटलेली दिसत नाही.

१५६४ : किल्ल्यासह आलेली वधू

पुढे इ. स. १५५२ च्या सुमारास बुऱ्हाणने विजयनगरच्या रामरायाच्या मदतीने सोलापूर जिंकले. १५५८ मध्ये विजापूरच्या गादीवर आलेल्या पहिल्या अली आदिलशहाने सोलापूर व कल्याणी परत मागितले. हुसेन निजामशहाने नकार देताच अलीने त्याच रामरायाशी मैत्री केली. रामरायाच्या मुलाच्या मृत्यूनंतर सांत्वनासाठी तो स्वतः विजयनगरला गेला होता. दोघांच्या संयुक्त फौजांनी अहमदनगरच्या प्रदेशाची मोठी हानी केली.

या पार्श्वभूमीवर १५६४ मधील विवाह अनपेक्षितच म्हणावा लागेल. रामरायाचे वाढते वर्चस्व सर्वच सुलतानांना जाचू लागले होते. गोवळकोंड्याच्या मुस्तफा खानाच्या मध्यस्थीने दुहेरी सोयरीक ठरली. हुसेनची कन्या चांदबिबी अलीस व अलीची बहीण हदिया सुलताना हुसेनचा पुत्र मुर्तजा यास देण्यात आली. चांदबिबीबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून विजापूरला मिळाला. त्या वेळी ती चौदा वर्षांच्या आसपास होती. ज्याच्या फौजांनी माहेरचा मुलूख उद्ध्वस्त केला, त्याच्याच घरात ती सून म्हणून गेली.

या वेळी शब्द पाळला गेला. २३ जानेवारी १५६५ रोजी तालिकोटच्या लढाईत सुलतानांच्या संयुक्त सैन्याने रामरायाचा पराभव केला.

राजकीय गरजेतून जुळलेल्या या संसाराविषयी लोकपरंपरेत आपुलकीने बोलले जाते. चांदबिबी पतीबरोबर मोहिमांवर जात असे, तिला अनेक भाषा अवगत होत्या, असे सांगितले जाते. या परंपरेतील तपशील पडताळून पाहणे अवघड असले, तरी पुढील इतिहास तिच्या कर्तृत्वाची साक्ष देतो. १५८० मध्ये अलीची हत्या झाल्यावर अल्पवयीन दुसऱ्या इब्राहिमच्या वतीने तिने कारभार पाहिला. सत्तास्पर्धेत किश्वर खानाने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. नंतर तिची सुटका झाली.

१५८४ : पुन्हा तेच आंदण

इ. स. १५८४ मध्ये इब्राहिमची बहीण खदिजा हिचा विवाह मुर्तजाचा पुत्र मीरान हुसेन याच्याशी ठरला. वधूला अहमदनगरला पोहोचविण्यासाठी चांदबिबी स्वतः गेली. वीस वर्षांपूर्वी स्वतः आंदणासह सासरी आलेली ही स्त्री आता दिराच्या मुलीला त्याच वाटेने आपल्या माहेरी घेऊन जात होती. याही सोयरिकीच्या निमित्ताने अहमदनगरकडून सोलापूरची मागणी पुढे आली व तणाव वाढला. १५८९ मध्ये मीरान हुसेन मारला गेला. चांदबिबीने मात्र १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यात अहमदनगरचा किल्ला लढविला.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, या विवाहांचे राजकीय यशापयश आंदण प्रत्यक्ष हाती पडण्यावर अवलंबून राहिले. १५२४ मध्ये किल्ला मिळाला नाही आणि युद्ध झाले; १५६४ मध्ये तो मिळाला आणि आघाडी टिकली. दुसरा, ही आघाडीसुद्धा समान शत्रू असेपर्यंतच भक्कम होती. तो नाहीसा होताच सोलापूरचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. तिसरा व अधिक महत्त्वाचा, तवारिखांनी किल्ल्याच्या हस्तांतराची नोंद काळजीपूर्वक ठेवली. मरियम, हदिया व खदिजा यांच्या वाट्याला मात्र जेमतेम काही ओळी आल्या. चांदबिबीचे नाव टिकले ते आंदणामुळे नव्हे, तर तिने पुढे स्वतः केलेल्या कार्यामुळे. सोलापूरच्या तटबंदीचा इतिहास लिहिताना वेढ्यांबरोबर या वधूंचीही गणना होणे अगत्याचे आहे.