बेवारस ठेवी व वारसांचा दावा

मृत व्यक्तीच्या नावावरील बँक ठेव, शेअर, लाभांश किंवा विम्याची रक्कम ठरावीक मुदतीत कोणीच न मागितल्यास ती कायद्याने नेमलेल्या निधीत वर्ग होते. भारतात अशी रक्कम निधीत गेली म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही. मात्र दाव्याची पडताळणी मूळ बँक, कंपनी वा विमा संस्थाच करते.

निधी : दोन वर्षे व्यवहार नसलेले बँक खाते निष्क्रिय ठरते आणि दहा वर्षांनंतर त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ‘ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधी’त (2014) जाते. दावा आल्यावर बँक आधी वारसाला पैसे देते व नंतर निधीकडून भरपाई घेते. व्याजी ठेवींना निधीतील काळासाठी मे 2021 पासून 3 टक्के सरळ व्याज आहे. सलग सात वर्षे लाभांश न उचलल्यास तो लाभांश व ते शेअर आयईपीएफ या गुंतवणूकदार निधीत जातात. विम्याची रक्कम दहा वर्षांनी ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जमा होते. तेथे 25 वर्षे दावा न आल्यास ती सरकारजमा होते.

शोध : रिझर्व्ह बँकेचे ‘उद्‌गम’ पोर्टल (ऑगस्ट 2023) अनेक बँकांतील ठेवी एकत्र शोधून देते. नावासोबत पॅन, जन्मतारीख किंवा पत्ता यांचा उपयोग होतो. ठेव सापडली तरी अर्ज शाखेतच करावा लागतो. पतसंस्था या बँका नसल्याने त्यांच्या ठेवी येथे दिसत नाहीत. त्यासाठी जुनी पासबुके व ठेवपावत्याच चाळाव्या लागतात. आयईपीएफकडे आयईपीएफ-5 हा अर्ज ऑनलाइन भरून कागदपत्रे कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवतात. एका कंपनीसाठी आर्थिक वर्षात एकच एकत्रित अर्ज चालतो. मंजूर झालेले शेअर डीमॅट खात्यात येतात.

वारसत्वाचा पुरावा : नॉमिनी असल्यास बँक त्याला पैसे देऊन मोकळी होते, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने हे तेव्हाच्या विमा कायद्याबाबत 1983 मध्ये (सरबती देवी खटला) आणि शेअरबाबत 2023 मध्ये (शक्ती येझदानी खटला) स्पष्ट केले. मृत्युपत्र नसल्यास हिंदू पुरुषाची पत्नी, मुलगे, मुली व आई यांचा वाटा समान असतो. विवाहित मुलगीही त्यात येते.

नॉमिनी नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2025 च्या निर्देशांनुसार 15 लाखांपर्यंत (सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत) मृत्यू दाखला, इंडेम्निटी बॉन्ड (भरपाईचे हमीपत्र), इतर वारसांचे ना-हरकत पत्र आणि वारस दाखला किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थ व्यक्तीचे घोषणापत्र पुरते. सर्व कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत दावा निकाली काढायचा असतो. रक्कम मोठी असल्यास किंवा वारसांत वाद असल्यास भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 खालील सक्सेशन सर्टिफिकेट न्यायालयातून घ्यावे लागू शकते. महाराष्ट्रात 1827 च्या मुंबई विनियमानुसार वारस दाखलाही न्यायालय देते. तलाठ्याकडची वारस नोंद सातबाऱ्यापुरती असते. बँकेसाठी ती पुरेशी ठरत नाही.

गोव्यात पोर्तुगीज वारशातून आलेला समान नागरी कायदा लागू असून वारस ठरवण्याचे काम गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम, 2012 नुसार विशेष नोटरीपुढील लेख किंवा न्यायालयातील इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी व वाटणीची कार्यवाही) यांद्वारे होते.

अडचणी : दावा सर्वांत जास्त अडतो तो नावावर. शेअर सर्टिफिकेटवर आडनाव आधी, पासबुकावर फक्त आद्याक्षरे आणि आधार कार्डावर पूर्ण नाव, असे असल्यास तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. मुलीचे नाव लग्नानंतर बदललेले असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद मागतात. नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्यास चार नॉमिनी नेमता येतात. त्यामुळे पैसे हाती येणे सोपे झाले, तरी वाटणी अजूनही वारसा कायद्यानेच होते.